पगारदार घरांची करसवलत आणि नेत्यांची भाषा: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो, जुलैत रिटर्नची धावपळ सुरू होते, डिसेंबरात सिव्हिल लाईन्समध्ये अधिवेशन भरतं. या तिन्ही वेळी धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत आणि हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून शक्य तिथे कलमाऐवजी सवलतीचं नावच दिलं आहे. कर आणि सभ्यता एकाच पानावर कशाला, असं वाटत असेल तर आधी प्रश्न ५ वाचा.

१. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात. मग चार लाखांपासून ५ टक्के लागतो, हे काय आहे?

दोन्ही खरं आहे. नव्या करपद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. या हिशेबाने १२ लाखांवर ६०,००० रुपये कर निघतो. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० पर्यंतची करसूट मिळते आणि कर शून्य होतो. पगारदारांना त्याआधी ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्यांची हद्द १२ लाख ७५ हजार. आदल्या वर्षीच्या दरांनी याच पगारावर उपकरासह (करावर लागणारा ४ टक्के जादा कर) ८३,२०० रुपये कर बसत होता. म्हणजे महिन्याला जवळपास सात हजार रुपये घरात राहिले, आणि मुलांच्या फी भरणाऱ्या घरासाठी ही रक्कम मोठी आहे.

शून्य कर आला तरी रिटर्न भरायचंच. करसूट तिथेच मागितली जाते.

२. इन्क्रिमेंट मिळून पगार १३ लाख झाला. २५,००० साठी ६०,००० चा कर बसणार का?

नाही. इथे सीमांत सवलत आहे. १३ लाखांतून ७५,००० वजा केले की १२ लाख २५ हजार उरतात. दरांप्रमाणे कर ६३,७५० होतो, पण १२ लाखांच्या वर तुम्ही २५,०००च कमावले, म्हणून कर २५,००० वर थांबतो. ४ टक्के उपकर धरून २६,०००. उपकरामुळे वाढीव रकमेपेक्षा हजार रुपये जास्त जातात, एवढं खरं. पगार साधारण १३ लाख ४५ हजारांच्या पुढे गेला की ही सवलत संपते आणि नेहमीचे दर लागतात. इन्क्रिमेंट नाकारण्याची वेळ कुणावरही येत नाही.

३. घराचं कर्ज चालू आहे. जुनी पद्धत सोडू का?

हिशेब करूनच ठरवा. पगार १५ लाख धरू. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,०००, पीएफ-विमा वगैरे दीड लाख, गृहकर्जाचं व्याज २ लाख, आरोग्य विमा २५,००० आणि व्यवसाय कर २,५०० वजा केला तरी उपकरासह कर १,३९,६२० येतो. नव्या पद्धतीत यातलं काहीही न दाखवता ९७,५००. या पगाराला जुनी पद्धत परवडायची असेल तर एकूण वजावट ५,९३,७५० च्या वर जायला हवी. भाड्याने राहणाऱ्या आणि मोठा घरभाडे भत्ता मिळणाऱ्यालाच ते जमतं. त्यातही घरभाड्याची सूट मोजताना नागपुरात मूळ वेतन व महागाई भत्त्याचे ४० टक्के धरतात, मुंबईत ५० टक्के. इथे राहून मुंबईतल्या भावाच्या हिशेबावर जाऊ नका.

पगारदाराला दरवर्षी पद्धत बदलता येते, पण जुनी निवडायची तर रिटर्न मुदतीत भरावं लागतं. दुकान, क्लिनिक किंवा कन्सल्टन्सीचं उत्पन्न असणाऱ्याला नव्यातून बाहेर पडून परत येण्याची संधी एकदाच आहे.

४. आम्ही दोघंही कमावतो. दोघांचं मिळून १२ लाख की प्रत्येकाचं?

प्रत्येकाचं. आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतं. दोघांचे पगार ९-९ लाख असतील तर घरात १८ लाख येऊनही कर शून्य. शेजारी एकटीच कमावणारी असेल आणि तिचा पगार १८ लाख असेल, तर तिला उपकरासह १,५०,८०० रुपये भरावे लागतात. घराचं उत्पन्न तेच, खाणारी तोंडंही तितकीच. मला हा फरक खटकतो आणि आमदार-खासदारांना विचारण्याजोगा वाटतो. एकट्या पालकांची घरं यात सर्वांत जास्त भरडली जातात.

यावर उपाय म्हणून बायकोच्या नावावर पैसे टाकून एफडी करणारे बरेच आहेत. ते चालत नाही, कारण त्या एफडीचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

५. कराचं समजलं. पण नेते कसे बोलतात याच्याशी माझ्या फॉर्म १६ चा काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि त्याचा हिशेब काढता येतो.

१४ मार्च २०१८ ला लोकसभेत घोषणाबाजी चालू होती. पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा, आंध्रचा विशेष दर्जा, कावेरीचं पाणी हे सगळे विषय महत्त्वाचेच होते. त्या गोंधळात त्या वर्षीचं वित्त विधेयक आणि खर्चाच्या मागण्या अर्ध्या तासाच्या आसपास, चर्चेविना मंजूर झाल्या. आता त्या विधेयकात पगारदारासाठी काय होतं ते पाहा. ४०,००० ची प्रमाणित वजावट पुन्हा आली आणि त्याचा गाजावाजा झाला. पण तिच्या बदल्यात १९,२०० चा वाहतूक भत्ता आणि १५,००० पर्यंतचा वैद्यकीय खर्च, या दोन करमुक्त गोष्टी गेल्या. दोन्ही पूर्ण घेणाऱ्याला नवा फायदा ५,८०० च्या वजावटीचाच झाला. शिवाय उपकर ३ वरून ४ टक्के झाला.

करपात्र उत्पन्न १० लाख असलेल्या माणसाचं गणित मांडतो. आधी कर १,१२,५०० आणि त्यावर ३ टक्के, म्हणजे १,१५,८७५. नंतर ५,८०० जास्तीचे वजा होऊन कर १,११,३४० आणि त्यावर ४ टक्के, म्हणजे १,१५,७९४. वर्षाची बचत ८१ रुपये. पेन्शनरांना हे भत्ते आधी मिळतच नव्हते, त्यांना पूर्ण ४०,००० चा लाभ झाला, हेही सांगायला हवं. पण ४०,००० चा मथळा वाचून खूश झालेल्या नोकरदाराच्या हाती ८१ रुपये पडले, आणि विधेयक मंजूर होताना हे कुणी उभं राहून सांगायला जागाच उरली नाही.

दोष एका बाजूचा नाही. आरडाओरडा करणाऱ्यांनी वेळ घालवला आणि सत्तेत बसलेल्यांनी त्याच आरडाओरड्याचा आडोसा घेऊन विधेयक पुढे रेटलं. सभागृहात शांतपणे प्रश्न विचारला जाणं आणि त्याला सरळ उत्तर मिळणं, याला मी सभ्यता म्हणतो. ती नसली की पगाराच्या स्लिपवर काय येईल हे चर्चेविना ठरतं. उपकराचं आणखी एक आहे. करातला वाटा राज्यांना मिळतो, उपकरातला मिळत नाही. म्हणजे त्या एका टक्क्याचा प्रश्न मुंबई-नागपूरच्या सभागृहातही विचारण्यासारखा होता.

६. मी सिक्युरिटी गार्ड आहे, पगार १८,०००. या सवलतीचा मला काय फायदा?

आयकराच्या सवलतीचा काहीच नाही. तुमचं वर्षाचं उत्पन्न २ लाख १६ हजार, त्यावर आयकर आधीही नव्हता. बारा लाखांची घोषणा ‘सगळ्या कष्टकरी कुटुंबांसाठी’ म्हणून सांगितली जाते तेव्हा बुटीबोरीच्या गेटवर उभा असलेला माणूस त्यात नसतो. हे स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं.

तुमच्याकडून कर जातो तो किराण्यातून, म्हणून तुमचा दिलासा जीएसटीत शोधावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मुख्य दर ५ आणि १८ टक्के असे दोनच राहिले. केसांचं तेल, साबण, टूथपेस्ट, शाम्पू १८ वरून ५ वर आले. तूप, लोणी आणि बहुतेक औषधं १२ वरून ५ वर आली. वह्या-पेन्सिली आणि पाकीटबंद पनीर करमुक्त झालं. वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के गेला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी आणि सिमेंट २८ वरून १८ वर आलं. पेट्रोल-डिझेल मात्र जीएसटीच्या बाहेरच आहे. दर कमी होऊनही दुकानदार जुनाच कर लावत असेल तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर तक्रार करा.

७. फेब्रुवारीत पगार शंभर रुपयांनी कमी का येतो?

हा प्रश्न दर मार्चला हमखास येतो. तो व्यवसाय कर आहे, ज्याला बहुतेक जण पीटी म्हणतात. राज्य सरकारचा हा कर महिन्याला २००, म्हणजे अकरा महिन्यांचे २,२००. फेब्रुवारीत ३०० कापून वर्षाचे २,५०० पुरे करतात. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ही मर्यादा १९८८ पासून तीच आहे. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे. तरीही कापला जात असेल तर ऑफिसच्या अकाउंट्समध्ये लगेच सांगा. पुरुषांना मात्र ७,५०० च्या वर लागतो. प्रश्न ६ मधल्या गार्डभाऊंकडून आयकर जात नाही, पण पीटी जातो.

या कराचा इतिहास माहीत असावा. १९७५ ला तो लावला गेला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरात नियमित पगार घेणाऱ्याने थोडं द्यायचं आणि दुष्काळी गावातल्या हातांना काम मिळायचं. ही योजना ज्यांच्या विचारातून उभी राहिली ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. नवा कर लादतानाही तो कुणासाठी घेतोय हे लोकांना नीट सांगता येतं, याचं महाराष्ट्रातलं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

८. केंद्राने कर कमी केला, मग घरटॅक्स का कमी होत नाही?

घरटॅक्स नागपूर महानगरपालिकेचा आहे, केंद्राच्या अर्थसंकल्पाशी त्याचा संबंध नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी आहे, ती नागपूरला लागू नाही. नागपुरातली जकात २०१३ ला गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला. महापालिकेच्या हातात स्वतःची म्हणावी अशी कमाई उरली त्यात घरटॅक्स मोठा आहे, म्हणून तो सहजी कमी होत नाही. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते, निवडून आलेलं सभागृह नव्हतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर आता तुमच्या प्रभागाचे नगरसेवक आहेत. हा प्रश्न त्यांनाच विचारा.

९. सभ्यता-सभ्यता म्हणता, पण विरोधकांनी आवाज चढवला नाही तर सरकार ऐकतं का?

आवाज चढवायला माझी हरकत नाही. माझा आक्षेप आहे तो शिवी, माणसाच्या जातीवर-बायकोवर-आजारपणावर बोलणं आणि दुसऱ्याला बोलूच न देणं, या तीन गोष्टींना.

सौम्य राहूनही कडक घाव घालायची हत्यारं नियमांतच आहेत. लोकसभेत कपात सूचना मांडता येते. खात्याचं धोरणच पटत नसेल तर ‘मागणी एक रुपयावर आणा’ अशी सूचना देतात. एखाद्या तक्रारीकडे लक्ष वेधायचं असेल तर १०० रुपये कमी करा म्हणतात. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचनाही आहे. ही हत्यारं चालवायला रात्री बसून कागद वाचावे लागतात, मागच्या बाकावरून ओरडायला ते लागत नाहीत.

असं वागून निवडून येत नाही म्हणणाऱ्यांसाठी नाव आहे गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्षातून, बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसून, सांगोल्यातून ११ वेळा विधानसभेत गेले.

१०. अधिवेशन नागपुरात होतं, त्यात पगारदाराने काय पाहावं?

पुरवणी मागण्या. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन इथे होतं. आपल्याला त्यातले मोर्चे, बंद रस्ते आणि वर्धा रोडवरचे बॅनर दिसतात. आत मात्र अर्थसंकल्पात नसलेला किंवा कमी पडलेला खर्च मंजुरीला येतो. पैसा तुमच्या-आमच्या करांतलाच असतो. कोणत्या खात्याला किती हवेत याचं पुस्तकच सभागृहात ठेवलं जातं. सभात्याग आणि घोषणांच्या दिवशी त्यातली पानंच्या पानं झटक्यात मंजूर होऊ शकतात. प्रश्न ५ मध्ये दिल्लीत घडलं ते इथेही घडू शकतं.

आमदारांना पत्र लिहायचं तर तीन ओळी पुरतात: ‘या अधिवेशनात अमुक खात्याची पुरवणी मागणी आली. तिच्यावर आपण बोललात का? बोलला असाल तर कामकाजातला तो उतारा कृपया पाठवावा.’ असं पत्र आपल्या पक्षाच्या आमदारालाही पाठवा, त्यालाच आधी पाठवा.

११. सभागृहात गैरवर्तन केलं तर आमदाराचं काय होतं?

सभागृहातल्या भाषणाबद्दल कोर्टात खेचता येत नाही, १९४ व्या अनुच्छेदाने तसं संरक्षण दिलं आहे. शिस्त सभागृहाने लावायची असते: समज देणं, शब्द कामकाजातून काढणं, बाहेर काढणं, निलंबन. निलंबनालाही हद्द आहे. जुलै २०२१ मध्ये पीठासीन अधिकाऱ्यांशी गैरवर्तनाच्या आरोपावरून भाजपचे १२ आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले होते. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, कारण निलंबन त्या अधिवेशनापुरतंच असू शकतं. मला हा निकाल योग्य वाटतो. आमदार वर्षभर बाहेर राहिला तर त्याचा मतदारसंघही वर्षभर मुका राहतो.

१२. प्रचारसभेत उमेदवाराच्या घरच्यांवर बोलले. तक्रार होते का?

होते. आदर्श आचारसंहितेप्रमाणे टीका धोरणं, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम यापुरती ठेवायची असते. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर बोलायचं नसतं. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर व्हिडिओसह तक्रार टाकता येते. उमेदवाराने समोरच्याच्या चारित्र्याविषयी खोटं विधान, खोटं आहे हे माहीत असून केलं, तर तो लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचार ठरतो. निवडणूक याचिकेत ते सिद्ध झालं तर निवडही रद्द होते.

१३. पगार ९ लाखच आहे, तरी १०,४०० कर आला. का?

शेअर विकले असणार. वर्षाच्या आत विकून ५०,००० नफा झाला तर त्यावर २० टक्के कर आणि उपकर लागतो. प्रश्न १ मधली करसूट नव्या पद्धतीत या नफ्याच्या कराला लागू होत नाही. वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर १ लाख २५ हजारांच्या पुढे साडेबारा टक्के, आणि तिथेही हाच नियम.

१४. आईला वडिलांची फॅमिली पेन्शन मिळते. तिलाही ७५,००० ची वजावट?

नाही. नव्या पद्धतीत फॅमिली पेन्शनवर एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी असेल ती वजावट मिळते. वडील हयात असताना घेत ती त्यांची स्वतःची पेन्शन होती, तिला पगाराचा नियम होता. एफडीवर बँक ज्येष्ठांचा टीडीएस आता वर्षाला १ लाख व्याजाच्या वर कापते. एकूण कर शून्य असेल तर टीडीएस कापू नये असं घोषणापत्र बँकेत द्या. मार्च २०२६ पर्यंत त्याचा फॉर्म १५एच होता.

१५. नोकरी नागपूरला, संत्र्याची बाग काटोलला. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे ना?

करमुक्त आहे, पण दर ठरवताना मोजलं जातं, आणि इथे भले भले गोंधळतात. पगारातून वजावट जाऊन ११ लाख उरले आणि बागेतून निव्वळ ३ लाख आले, असं धरा. आधी १४ लाखांवर कर काढायचा: ९०,०००. मग ४ लाखांत शेतीचे ३ लाख मिळवून ७ लाखांवर काढायचा: १५,०००. फरक ७५,०००. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आतच असल्याने ६०,००० ची करसूट मिळते, उरतात १५,०००. उपकरासह १५,६००. ‘बारा लाखांपर्यंत शून्य’ ऐकून बसलेल्या काटोल-नरखेडच्या नोकरदाराला ही रक्कम रिटर्न भरताना कळते, तेव्हा बागेचा हिशेब मार्चआधीच मांडून ठेवा.

१६. सभागृहात काढून टाकलेला अपशब्द मोबाईलवर फिरतच राहतो. मग काढून काय उपयोग?

अधिकृत नोंदीतून तो जातो, एवढा उपयोग नक्की आहे. काढून टाकलेला मजकूर छापणं हा विशेषाधिकार भंग ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पाटण्याच्या ‘सर्चलाईट’ दैनिकाच्या प्रकरणात १९५८ लाच मान्य केलं होतं. पण तेव्हा कामकाज थेट दिसत नव्हतं. आज अध्यक्षांचा आदेश येईपर्यंत ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर पोचलेली असते. तिथे थांबवणं आपल्या हातात आहे. क्लिप पुढे पाठवण्याऐवजी त्या दिवशी कोणती विधेयकं मंजूर झाली ते ग्रुपवर टाका. विधेयकात कराचा दर बदलला असेल तर प्रश्न ५ सारखा हिशेब आपल्या पगारावर करून पाहा आणि तोही टाका.